म्हणे, गुलामगिरीने हुन्नर शिकविला!

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या शिक्षणमंडळाने १९ जुलै २०२३ रोजी काळ्या लोकांच्या इतिहासाचा नवा अभ्यासक्रम मंजूर केला. त्यात सहावी ते आठवीच्या मुलांकरिता गुलामांच्या कामधंद्यांविषयी एक कलम आहे, आणि त्या कलमास एक शेपूट जोडलेले आहे. ते शेपूट असे की, गुलामांनी जे हुन्नर हस्तगत केले ते काही प्रसंगी त्यांच्या स्वतःच्या फायद्यासही लागू शकत होते, हे मुलांस शिकवावे. दोन दिवसांनी पत्रकारांनी राज्याचे गव्हर्नर रॉन डीसँटिस यांस याविषयी छेडले. तेव्हा त्यांनी प्रथम हात झटकले, की हे आपण लिहिलेले नाही. आणि लगेच तरफदारीही केली, की लोहारकाम वगैरेच्या जोरावर पुढे आयुष्यात काही करून दाखविणारी माणसे होती, तेच मुलांस दाखवावयाचे असेल.

लोहारदादा, हे आपण नीट ऐकावे. सुतार, कुंभार, शिंपी, ओतारी, चांभार बांधवांनीही ऐकावे. माणसास जहाजाच्या तळाशी साखळदंडाने जखडून समुद्रापार नेले, बाजारात बैलासारखे दात तपासून विकले, त्याची बायको एका गिऱ्हाइकास आणि लेकरू दुसऱ्या गिऱ्हाइकास दिले, जन्मभर बिनमजुरी राबविले. आणि आता त्याच्याच वंशातल्या पोरास वर्गात बसवून सांगावयाचे की, बाळा, त्यात तुझ्या पणज्याचा थोडा फायदाही झाला बरे, त्यास ऐरणीवर हातोडा मारता आला! आम्ही खेड्यातील शाळेत मुले शिकवितो. पुस्तकातील एक ओळ पोराच्या मनात किती खोल जाऊन बसते हे आम्हांस ठाऊक आहे. सबब या एका ओळीचा समाचार घेणे हे आम्ही आमचे काम समजतो.

कोणी म्हणेल, मास्तर, समुद्रापलीकडची उठाठेव तुम्हांस कशास हवी? तर ऐका. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत गुलामगिरीवरून जी यादवी माजली, तिच्यामुळे तिकडील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि आमच्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. लढाई संपताच भाव कोसळला आणि कर्ज तेवढे आमच्या उरावर राहिले. गुलामांच्या पाठीवरचा कोरडा आणि आमच्या शेतातले बोंड यांचा असा जुना संबंध आहे. दुसरी गोष्ट अशी की, १८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ छापला, तो अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांस दास्यातून सोडविण्याकामी झीज सोसली, त्यांस अर्पण केला. पुण्याच्या एका माळ्याच्या पोराने हजारो कोसांवरील लोकांस ज्या कामाबद्दल असा मान दिला, त्याच कामाची धार आज त्याच देशात बोथट केली जात असेल, तर त्यावर बोलण्याचा हक्क आम्हांस आहेच आहे.

प्रथम हे पाहू की, हुन्नर मुळात होता कोणाचा? आफ्रिकेच्या पश्चिमेस आज नायजेरिया म्हणून देश आहे. तेथील लोक दोन हजार वर्षांपूर्वीही लोखंड गाळीत होते. जमिनीतून निघालेल्या भट्ट्या त्याची साक्ष देतात. त्याच किनाऱ्याच्या आणखी वरच्या अंगास भातशेती पिढ्यानपिढ्या चालत आलेली होती. खाचराची बांधबंदिस्ती करणे, पाणी आत घेणे, वेळेवर सोडणे, भात सडणे, हे कसब कोकणातल्या आणि मावळातल्या शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको. साउथ कॅरोलिनातील गोरे जमीनदार भातावर गबर झाले, आणि त्या राज्यातील चार्ल्सटन बंदरात गुलामांच्या विक्रीच्या ज्या जाहिराती छापल्या जात, त्यांत हा माल भाताच्या किनाऱ्यावरून आला आहे असे मुद्दाम छापीत. गिऱ्हाइकास ठाऊक होते की, आपण नुसते दोन हात विकत घेत नाही, त्या हातांतली विद्याही घेतो आहो. चोराने घर फोडून दागिने न्यावेत, आणि त्याच्या नातवाने पुस्तकात लिहावे की आमच्या आजोबांनी त्या घरास दागिन्यांची ओळख करून दिली, तशातली ही गत!

गवगवा झाला तेव्हा अभ्यासक्रम लिहिणाऱ्या मंडळींतील दोन सभासदांनी पुराव्यादाखल सोळा नावांची यादी प्रसिद्ध केली. ती यादी म्हणजे एक तमाशाच आहे. लोहारांत त्यांनी लुइस लॅटिमर यांचे नाव घातले. हे गृहस्थ १८४८ साली स्वतंत्र जन्मले, कधी गुलाम नव्हते, आणि त्यांची कीर्ती लोहारकामाची नसून नकाशे काढण्याची व विजेच्या दिव्यातील सुधारणांची आहे. चांभारांत जेम्स फोर्टेन आणि पॉल कफी यांस बसविले. हे दोघेही स्वतंत्र जन्मले. एक जहाजांची शिडे करणारा कारखानदार, दुसरा जहाजांचा मालक. शिक्षकांत बुकर टी. वॉशिंग्टन यांस घातले. त्यांची सुटका नऊ वर्षांच्या वयात झाली आणि अक्षरओळख झाली ती सुटकेनंतर. आणि कळस असा की, जोडे शिवणाऱ्यांच्या याच रांगेत बेटी वॉशिंग्टन लुइस हे नाव आहे. ही बाई कोण, ठाऊक आहे? अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सख्खी बहीण! गोरी, श्रीमंत, आणि स्वतः गुलाम बाळगणारी! आमच्या शाळेतील एखाद्या पोराने निबंधात असा गोंधळ घातला असता तर आम्ही त्याच्या वहीवर लाल शाईने रेघ मारली असती. येथे तो गोंधळ एका राज्याच्या अभ्यासक्रमाचा पुरावा म्हणून छापला गेला.

आता नावे काढावयाचीच असतील, तर खऱ्या कारागिरांची काढू.

वॉशिंग्टन शहरात अमेरिकेच्या कायदेमंडळाची मोठी घुमटाची इमारत आहे. तिच्या माथ्यावर स्वातंत्र्यदेवीचा ओतीव ब्राँझचा पुतळा उभा आहे. साडेएकोणीस फूट उंच. तो ज्या भट्टीत ओतला, ती क्लार्क मिल्स नामक गृहस्थाची. आणि तेथे राबणारा कसबी हात फिलिप रीड नावाच्या गुलामाचा. हा रीड मिल्सने बाराशे डॉलरांस विकत घेतलेला. पुतळ्याच्या मूळ साच्याचे सांधे इतके बेमालूम बुजविलेले होते की ते कोठे आहेत हे कळेना. ज्या इटालियन कारागिरास ते ठाऊक होते, तो जास्त पैसे मिळाल्याशिवाय सांगेना. तेव्हा रीडने कप्पीदोर लावून साचा हळूहळू वर ताणला, आणि जेथे बारीक रेघ उमटली तेथे सांधा हेरला, अशी हकीकत सांगतात. सहा दिवसांच्या कामाचे पैसे मालकाच्या खिशात जात. रविवारचा दिवस तेवढा गुलामाचा. म्हणून भट्टीची आग जागती ठेवण्याबद्दल तेहतीस रविवारांची मजुरी रीडच्या हातात पडली, एकूण सव्वाएक्केचाळीस डॉलर. त्या पावतीवर त्याची सही नाही, फुलीची निशाणी आहे. कारण त्यास लिहिता येत नव्हते. देवीचा मुखवटा ओतणाऱ्याच्या हातास स्वतःचे नाव काढता येत नव्हते! हा घ्या तुमचा हुन्नर आणि हा घ्या तुमचा फायदा.

पुढची गोष्ट तर याहून उघड आहे. १६ एप्रिल १८६२ रोजी त्या राजधानीच्या शहरातील गुलाम कायद्याने मोकळे झाले, त्यांत रीडही सुटला. नुकसानभरपाई देण्याचे ठरले. कोणास? जन्मभर बिनमजुरी राबलेल्या गुलामास? छे! ती दिली मालकास. माणशी सरासरी तीनशे डॉलरांच्या मर्यादेत. मिल्सने रीडबद्दल पंधराशे डॉलर मागितले आणि त्यास साडेतीनशेच्या वर मिळाले. सुटलेल्या गुलामाच्या वाट्यास काय आले म्हणाल, तर हा देश सोडून हैती किंवा लायबेरियात चालता होशील तर शंभर डॉलरपर्यंत मिळतील, ही सवलत. १८६३ च्या डिसेंबरात पुतळा घुमटावर चढला, तेव्हा तो ओतणारा मनुष्य स्वतंत्र होता खरा. पण त्याच्या कसबाच्या सगळ्या वर्षांचा हिशेब दुसऱ्याच्या नावे चुकता झालेला होता.

दुसरे नाव फ्रेडरिक डग्लस. पुढे हे मोठे वक्ते आणि पत्रकर्ते झाले. बाल्टिमोर बंदरात गुलाम असताना ते जहाजाच्या फळ्यांमधील फटी बुजविण्याचे काम शिकले. दिवसास दीड डॉलर कमावू लागले, आणि दर शनिवारी रात्री सगळे पैसे मालकाच्या हातावर नेऊन ठेवावे लागत. १८३८ च्या सप्टेंबरात ते पळाले आणि उत्तरेकडील न्यू बेडफर्ड बंदरात स्वतंत्र माणूस म्हणून काम मागू लागले. हातात कसब होते, कामही होते. पण गोऱ्या कारागिरांनी बजाविले की काळा आमच्या बरोबरीने त्या कामास लागला तर आम्ही हत्यारे खाली ठेवू. सबब दोन डॉलरांचे कसब गुंडाळून ठेवून डग्लस यांनी लाकडे फोडली, कोळसा वाहिला, एक डॉलर रोजावर. हुन्नराचा फायदा गुलामगिरीत मालकाने खाल्ला, आणि सुटल्यावर रंगाने खाल्ला. मग तो अभ्यासक्रमातला 'स्वतःचा फायदा' कोणत्या कपाटात राहिला आहे, ते फ्लॉरिडाच्या मंडळाने दाखवून द्यावे.

तिसऱ्याचे तर पुरते नावही इतिहासाने राखले नाही, नुसता नेड. मिसिसिपी राज्यातील या गुलामाने कापसाच्या शेतातील खुरपणीचे एक नवे अवजार शोधून काढले. मालकाने सरकारकडे अर्ज केला की या शोधाची सनद मला मिळावी. कारण गुलामाच्या हाताच्या कष्टाचे फळ जसे माझे, तसे त्याच्या डोक्याच्या कष्टाचेही फळ माझेच. १८५८ साली सरकारच्या मुख्य कायदे अधिकाऱ्याने निकाल दिला की, गुलामाने लावलेल्या शोधास सनदच नाही. गुलाम हा कायद्याच्या नजरेत नागरिक नसल्यामुळे त्यास नाही, आणि शोध त्याचा नसल्यामुळे मालकासही नाही. बुद्धी चालविली नेडने, आणि कायद्याने ती जमेसच धरली नाही.

आमचे विरोधक येथे एक नाव पुढे करतील, आणि ते खरे आहे, म्हणून आम्हीच ते सांगून टाकतो. एलिझाबेथ केक्ली. ही शिवणकाम करणारी गुलाम बाई. तिने सुईच्या बळावर १८५५ साली स्वतःस आणि आपल्या मुलास मोकळे करून घेतले, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे पोशाख शिवले. सोळा नावांच्या यादीत तिचे नाव आहे. परंतु तिचीच कैफियत पुरती वाचा. मालकाचे घर डबघाईस आले तेव्हा या एका बाईच्या सुईने त्या घरातील सतरा तोंडांस दोन वर्षे पाच महिने भाकरी पुरविली. आणि सुटकेची किंमत होती बाराशे डॉलर, ती तिने गिऱ्हाईक बायांकडून उसने घेऊन भरली आणि मग शिवून शिवून फेडली. आपलाच देह आणि आपल्याच पोटचा पोर विकत घेण्यासाठी ज्या बाईस कर्ज काढावे लागले, तिच्या हिशेबात गुलामगिरीच्या नावे जमा टाकणारा मुनीम कोणत्या पेढीवर शिकला असेल? कर्तबगारी बाईची. गुलामगिरी तिच्या वाटेतली धोंड होती.

शाळामास्तर म्हणून आम्हांस आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुलामगिरी ही जर हुन्नराची शाळा होती, तर त्या शाळेत पाटीपेन्सिलीस बंदी का होती? साउथ कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी बंड केले, आणि १७४० च्या कायद्याने गुलामास लिहिणे शिकविणारास शंभर पौंड दंड ठेवला. नॉर्थ कॅरोलिनात १८३०-३१ च्या बैठकीत कायदा झाला की, गुलामास लिहावाचावयास शिकवू नये. आणि एका गुलामाने दुसऱ्या गुलामास शिकविले तर त्याच्या उघड्या पाठीवर एकोणचाळीस फटके मारावेत. या कायद्यात एकच सूट होती. आकडे शिकविण्यास हरकत नाही! का, ते शेतकऱ्यास चटकन कळेल. पोती मोजावयास, गाठी मोजावयास, मालकाचा माल मोजावयास आकडे लागतात. अक्षरे आली की मनुष्य वर्तमानपत्र वाचतो, अर्ज लिहितो, पळून जाण्याचा परवाना स्वतःच खरडतो. ज्या विद्येने मालकाचा फायदा ती चालेल, ज्या विद्येने गुलामाचा फायदा ती चालणार नाही. हे त्या काळच्या कायदे करणारांस स्वच्छ कळत होते. ते आजच्या शिक्षणमंडळास कळू नये, हे नवल आहे.

आणि खरा फायदा कशाने झाला ते अमेरिकेच्या खानेसुमारीतच लिहिलेले आहे. १८७० साली, म्हणजे सुटकेनंतर पाचच वर्षांनी, शंभर काळ्यांत ऐंशी निरक्षर होते. १९१० साली ते प्रमाण तिसावर आले. चाळीस वर्षांत पन्नास जण अक्षरास लागले. आणि तेही कोणत्या दिवसांत? झाडास टांगून माणसे मारीत त्या दिवसांत, काळ्यांच्या शाळा जाळीत त्या दिवसांत. सुटलेल्या गुलामांनी पोटास चिमटा घेऊन शाळा बांधल्या, आणि म्हातारी आजी नातवाच्या शेजारी बसून मुळाक्षरे गिरवू लागली. अडीचशे वर्षांच्या गुलामीने जे केले नाही ते चाळीस वर्षांच्या अर्ध्यामुर्ध्या स्वातंत्र्याने केले. मुलांस शिकवावयाचेच तर हे गणित शिकवा.

हा झाला अक्षरांचा हिशेब. जमिनीचा आणि मजुरीचा अजून बाकी आहे. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन यांनी हुकूम काढून समुद्रकाठची जमीन सुटलेल्या गुलामांस घरटी चाळीस एकरांपर्यंत वाटावयास काढली. सुमारे चाळीस हजार माणसे तिच्यावर वसली, पेरणीस लागली. त्याच वर्षी लिंकन यांचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी ती जमीन जुन्या मालकांस परत देवविली. आणि डिसेंबरात ज्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली, त्या तेराव्या दुरुस्तीत एक फट राहून गेली: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची चाकरी चालेल. एवढ्या फटीतून सगळा जुना संसार परत आत आला. काम नाही, भटकतो, या गुन्ह्याखाली काळ्यांस धरावे, आणि तुरुंगातून खाणींस, रेल्वेस, मळ्यांस मक्त्याने द्यावे. ही मक्तेदारी अलाबामा राज्यात १९२८ पर्यंत चालली. तेथेही माणसे कोळसा खणण्याचा हुन्नर शिकलीच असतील म्हणा!

ही फट अजून बुजलेली नाही. लुइझियाना राज्यात अंगोला नावाचा तुरुंग आहे; अठरा हजार एकरांचा. पूर्वी तेथे गुलामांचा मळा होता, आणि नाव पडले ते आफ्रिकेतील मुलखावरून. आजही तेथील बहुतेक कैदी काळे, आणि ते शेतात राबतात ते ताशी काही सेंटांवर. २०२२ साली पाच राज्यांतील मतदारांपुढे आपापल्या राज्याच्या घटनेतून ही फट काढून टाकण्याचा प्रश्न आला. अलाबामा, टेनेसी, ओरेगन आणि व्हरमाँट यांनी ती काढली. लुइझियानात ठराव पडला. २०२४ साली कॅलिफोर्नियासारख्या सुधारक म्हणविणाऱ्या राज्यातही असाच ठराव पडला. त्याच कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस पेटले, तेव्हा आगीच्या तोंडी शेकडो कैदी उभे होते. आग विझविण्याचे कसब त्यांस तुरुंगातच शिकविलेले. पण सुटल्यावर याच कसबावर बंबवाल्याची नोकरी मागावी, तर जुन्या शिक्षेच्या डागामुळे लागणारा दाखला मिळत नसे. २०२० साली कायदा करून ही वाट थोडीशी मोकळी केली, तोवर अशीच तऱ्हा होती. वाचकहो, पाहा: बंदिवानास हुन्नर द्यावयाचा, त्याचे काम घ्यावयाचे, आणि हुन्नराचा दाम मात्र त्याच्या हाती पडू द्यावयाचा नाही, ही रीत फिलिप रीडच्या भट्टीपासून चालत आलेली आहे. ज्या देशात ही रीत चालू आहे, त्या देशाच्या शाळेत 'हुन्नर मिळाला, हा फायदाच' असे शिकविणे ही इतिहासातली साधी चूक नव्हे. आजच्या व्यवहारास ती उद्याची कबुली आहे.

आता उलट बाजूचे म्हणणे. ते म्हणतात, अभ्यासक्रमात शेकडो कलमे आहेत, त्यांत गुलामीचे हालही सांगितले आहेत. तुम्ही एकाच ओळीचे काय घेऊन बसलात? आम्ही विचारतो, मडकेभर दुधात मिठाचा खडा किती पडावा लागतो? ते म्हणतात, ती यादी देणारे दोघे सभासद स्वतःच काळे आहेत. असतील. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आमच्याकडे जुनी आहे. आणि काळ्यांचीच साक्ष पाहिजे असेल, तर १९३६ ते १९३८ या सालांत सरकारी माणसांनी हयात असलेल्या दोन हजारांवर माजी गुलामांच्या कैफियती टिपून घेतल्या, त्या उघडून पाहाव्यात. गव्हर्नरसाहेबांच्या स्वतःच्या पक्षातील सेनेटर टिम स्कॉट, हेही काळेच, यांनी जुलै २०२३ मध्येच सांगितले की, गुलामगिरीला उजळ बाजू म्हणून काही नव्हतीच. तिकडील शिक्षक आणि इतिहासकारही गप्प बसले नाहीत. जोतीरावांनी ज्यांस हात जोडले, त्यांचा वंश अजून बुडालेला नाही, हे आम्ही आनंदाने नमूद करतो.

पण दुसरा वंशही हयात आहे. याच फ्लॉरिडात २०२२ साली कायदा झाला की, आपल्या वर्णाच्या लोकांनी पूर्वी केलेल्या कृत्यांबद्दल कोणी अपराधी वाटून घेतलेच पाहिजे, असे शाळेत शिकवू नये. वरवर पाहता गोष्ट रास्त आहे. नातवास आजाच्या पापाबद्दल कोणी फटके मारू म्हणत नाही. परंतु अशा कायद्याच्या धाकाने मास्तर काय करील? जे सांगितल्याने तक्रार येईल ते सांगणेच टाळील. पोटासाठी नोकरी करणाऱ्या मास्तराची जात आम्हांस चांगली माहीत आहे. पुढे मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांनी स्मिथसोनियन या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांच्या संस्थेतून, त्यांच्या मते फूट पाडणारे विचार काढून टाकण्याचा हुकूम काढला, आणि ऑगस्टात उघड तक्रार केली की, तेथे गुलामगिरी किती वाईट होती याचाच पाढा वाचतात. मग काय वाचावे? किती चांगली होती, याचा?

हे सगळे एका सुताचे धागे आहेत. काल जे घडले ते फारसे वाईट नव्हते असे एकदा पोरांच्या गळी उतरविले, की आज त्याची भरपाई मागणारा आपोआप कुरकुऱ्या ठरतो. जमीन का नाही, तुरुंगात आमचीच पोरे अधिक का, आमच्या वस्तीची शाळा पडकी का, या प्रश्नांस मग एकच उत्तर: तुमच्या पणज्यास आम्ही हुन्नर दिला होता, तो तुम्ही टिकविला नाहीत! पुस्तकातली ओळ अशी कोर्टात, कचेरीत आणि मतपेटीत कामास येते. म्हणून तर तिच्यासाठी एवढे मोठे गव्हर्नर भांडतात.

आमच्या वाचकांस ही मखलाशी ऐकून काही आठवत असेल. बलुतेदारी ही कसबाची केवढी सुंदर शाळा होती, गावगाड्यात प्रत्येकास कसे आपापले काम आणि आपापला मान होता, अशी वर्णने आपणही ऐकलेली आहेत. ती लिहिणारांपैकी कितीजणांच्या घरात भाता फुंकला जात होता, हे ज्याने त्याने पाहावे. कसब हे कारागिराचे असते. ते त्याने बापाकडून, आईकडून, हाताला घट्टे पाडून घेतलेले असते. ज्याने त्यास बांधून ठेवले त्याने ते दिले, असे म्हणणे म्हणजे दावणीने बैलास ओढावयास शिकविले म्हणण्यासारखे आहे.

तेव्हा शेतकरी आणि कारागीर बंधूंनो, आणि मायबहिणींनो, एवढे करा. पोर शाळेतून आले म्हणजे त्याचे इतिहासाचे पुस्तक त्याच्याकडून मोठ्याने वाचवून घ्या. स्वतःस वाचता येत नसले तरी ऐकता येते. कोणी किल्ला बांधला, कोणी तलाव खोदविला असे आले, की पोरास विचारा: दगड कोणी घडविले, माती कोणी वाहिली, आणि त्यांस मजुरी काय मिळाली? पुस्तकात उत्तर नसेल तर पोरास सांगा की उद्या मास्तरांस विचार. मास्तरास राग आला तर येऊ द्या. आम्ही त्याच बिरादरीचे आहोत, आम्हांस ठाऊक आहे की तो राग उत्तर माहीत नसल्याचा असतो. दोनचार पोरांनी विचारले, की तोही शोधू लागेल. अमेरिकेतील शिक्षकांनी आणि मायबापांनी त्या एका ओळीवर एवढा गिल्ला केला म्हणून तर ती समुद्र ओलांडून आमच्यापर्यंत येऊन पोहोचली. आणि घुमटावरची देवी कोणी ओतली हे ज्यांस ठाऊक नव्हते, त्यांस फिलिप रीडचे नाव कळले.